दहा बाय आठचा मुलूख

लोक हरवलेले नातेवाईक सापडावेत म्हणून जुने नकाशे उघडतात. पिंपळवंडीच्या ऋतिकनं उघडले ते सापडलेलं एक नातं मोडावं म्हणून, आणि तेही गुरुवारच्या आत.

झालं होतं असं. ऋतिक खाजगी मोजणीवाल्याच्या हाताखाली कामाला होता. हातात उंच काठी, काठीच्या टोकाला पालथ्या वाटीसारखं पांढरं यंत्र. ते यंत्र आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं आणि कुणाचा बांध किती सरकलाय ते सांगतं. पिंपरी पेंढारला कुंडलिकभाऊंच्या कांद्याच्या वावरात तो असाच मोजायला उभा होता, तेव्हा त्यांची मुलगी रत्ना लांबूनच म्हणाली, "काठी वाकडी धरलीय." यंत्रानंही तेच सांगितलं, पण तिच्यानंतर. त्या दिवसानंतर ऋतिक त्या वावराची आणखी तीनदा मोजणी करून आला. वावर प्रत्येक वेळी तेवढंच भरलं.

दोन्ही घरं धनगरांची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली आणि आता कांद्या-बाजरीला टेकलेली. कुंडलिकभाऊंकडं अजून साठेक मेंढरं होती. ऋतिककडं फक्त आजोबा उरले होते. रत्नाला मुलगा पसंत होता, मुलाला तर वावरसुद्धा पसंत होतं. बैठक बसली, पोहे झाले, चहा झाला आणि मग म्हातारी माणसं मूळ ठाण्यावर आली.

मूळ ठाणं म्हणजे कुळाचा देव पहिल्यांदा जिथं बसवला ती जागा. ज्यांचं ठाणं एक, ते भाऊबंद. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. नियम एवढा सोपा आहे की त्यातून सुटायला जागाच नाही.

ऋतिकचे आजोबा यमाजी म्हणाले, "आमचं ठाणं आंबेगावाकडं, वरल्या अंगाला. ओढ्याच्या कडंला तीन चिंचा. तितं बिरोबा."

रत्नाची आजी म्हाळसाबाई हिनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "आमचंबी त्येच," ती म्हणाली.

रत्ना चहाची दुसरी खेप घेऊन येत होती, ती उंबऱ्यावरून तशीच मागं फिरली. कुंडलिकभाऊंनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे पोरगं आपलंच निघालं," ते म्हणाले. मग ऋतिककडं वळले. "आजपास्नं मला मामा नको म्हणू. काका म्हण. आन राखीपुनवंला ये."

घरातून निघताना ऋतिकनं हिशेब केला. आत जाताना त्याला एक बायको आणि एक सासरा मिळणार होता. बाहेर येताना त्याला एक बहीण आणि एक चुलता मिळाला होता. पोहे मात्र चांगले झाले होते.

त्यात गुरुवारी बेल्ह्याचं एक स्थळ रत्नाला बघायला येणार होतं. मुलाचा स्वतःचा टेम्पो होता, बैलबाजारात त्याला सगळे नावानं ओळखत होते आणि त्याचं मूळ ठाणं पार नगर जिल्ह्यात होतं. पहिल्या दोन गोष्टींचं ऋतिकला काही वाटलं नाही. तिसरी आठवली तशी त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

"आबा, ते ठाणं नेमकं हाय कुठं?" त्यानं गाडीवर मागं बसलेल्या यमाजींना विचारलं.

"धरणात गेलं आसंल."

आंबेगाव तालुक्यात वरल्या अंगाची जी गोष्ट सापडत नाही ती धरणात गेलेली असते. गावं गेली, देवळं गेली, हे खरंच आहे. पण गेल्या काही वर्षांत लोकांनी त्याच पाण्यात शाळेचे दाखले, न पोचलेल्या लग्नपत्रिका आणि ऋतिकच्या एका चुलत्याचं अर्धवट शिक्षणही ढकललं होतं. धरणाला बिचाऱ्याला बोलता येत नाही.

"तुमी पायलंय का आबा, धरणात जाताना?"

"म्या ठाणंच पायलं नाय सत्तर वर्सं. मी धा-बारा वर्साचा व्हतो. दिवाळी झाली की कोकणात उतरायच्या आदी तितं तळ पडायचा. पुढं माजा बाप इकडंच ऱ्हायला. मंग कोण जातंय."

तो दिवस शुक्रवार होता. हातात पाच दिवस होते. ऋतिकला ना बसवत होतं ना उभं राहवत होतं. घरात आजोबांचंही तेच होतं, पण त्यांचं कायमचंच. पक्कं घर बांधून चाळीस वर्षं झाली तरी यमाजी दर तिसऱ्या दिवशी आपली बाज हलवत. सोमवारी ओट्यावर, गुरुवारी गोठ्याजवळ, रविवारी शेवग्याखाली. का हलवली म्हणून विचारलं तर म्हणत, "हितलं झालं." काय झालं ते सांगत नसत. त्या रात्री नातू अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि आजोबा बाज ओढत होते. शेजाऱ्यांना वाटलं, घर विकायला काढलंय.

मोजणीच्या कामात ऋतिकला एक गोष्ट ठाऊक झाली होती : जमीन खोटं बोलत नाही, माणसं जमिनीबद्दल बोलतात. म्हातारी माणसं सांगतात ती जागा एकच का दोन, हे जमिनीलाच विचारायचं त्यानं ठरवलं. परदेशातल्या कुठल्यातरी ग्रंथालयानं इंग्रजांच्या वेळचे नकाशे फोटो काढून सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. त्यात जुन्नर-आंबेगावचा कागद सापडला. एक इंच म्हणजे एक मैल. गावं, विहिरी, पायवाटा, देवळं, एकटी उभी झाडंसुद्धा. आपल्या पणज्याच्या मेंढरांना ज्यानं वाटेतून हाकललं असेल त्याच साहेबानं इतक्या निगुतीनं बाभळी मोजल्या होत्या, हे बघून ऋतिकला भरून आलं आणि रागही आला.

नकाशा कोऱ्या आभाळात ठेवून चालत नाही. तो आजच्या उपग्रहाच्या फोटोवर बसवावा लागतो. त्यासाठी दोन्हीकडं सारख्या असलेल्या चार जागा टाचायच्या, मग बाकीचं कापड आपोआप ताणलं जातं. ऋतिकनं शिवनेरीचा कडा टाचला, नद्यांची दोन वळणं टाचली आणि चौथी जागा म्हणून गावाबाहेरचा मारुती टाचला. मारुती हलणार नाही, असा त्याचा विश्वास. नकाशा बसला, आणि सगळी पिंपळवंडी उचलून नदीत पडली. आजोबांची बाज ऐन पात्रात आली.

"आबा, मारुती पयल्यापास्नं तितंच हाय ना?"

"न्हाई. रस्त्यात येत व्हता, म्हणून वडाखालनं उचलून हिकडं आणला."

म्हणजे ज्या देवावर भरवसा ठेवला तो बिऱ्हाड बदललेला निघाला. ऋतिकनं त्याला सोडून दिला आणि त्याच्या जागी जुना दगडी पूल टाचला. नकाशा चपखल बसला. बोटानं खालीवर केलं की कधी आजचे कांद्याचे चौकोन दिसत, कधी त्याखालचा शंभर वर्षांपूर्वीचा माळ.

एकच अडचण होती. मूळ कागद फार मळका होता. घड्यांच्या रेषा, वाळवीची भोकं, कुठं चहाचं वर्तुळ. ऋतिक स्वभावानं नीटनेटका. शनिवारची सगळी दुपार बसून त्यानं एकेक डाग पुसून काढला. स्वच्छ नकाशावर मग त्याला ते दिसलं : घोड नदीच्या वरच्या अंगाला एक ओढा, ओढ्याकाठी झाडाच्या तीन खुणा आणि त्यांच्याजवळ देवाचा एक ठिपका. धरणाचं पाणी तिथून चांगलं दोन कोस लांब राहिलं होतं.

त्यानं आनंदानं उडी मारली. उडी खाली यायच्या आत त्याच्या ध्यानात आलं की ठिपका एकच आहे. आतापर्यंत रत्ना त्याची बहीण असल्याचं फक्त म्हातारी माणसं सांगत होती. आता अक्षांश-रेखांशही सांगू लागले होते.

त्यानं रत्नाला फोन केला. "सापडलं."

"मग?"

"एकच हाय."

"मग शोधलं कशाला?" रत्ना म्हणाली. मागं कोकरू ओरडत होतं. "आजीला दाखव. ती तिथं जाऊन आलेली हाय, तू नाय. पन तिला फोनमधलं कायबी दिसत नाय. मोठं करून आण."

"केवढं?"

"तिला चश्म्याबिगर दिसंल एवढं."

एवढं मोठं छापणारा माणूस तालुक्यात एकच प्रकारचा असतो : फ्लेक्सवाला. जुन्नरात ऋतिकच्या वर्गातल्या अनसचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, दशक्रिया, सगळं एकाच उत्साहात छापायचा.

"दहा बाय आठ," ऋतिक म्हणाला.

"फोटो कुणाचा?"

"कुणाचा नाय. नकाशा हाय."

"वाढदिवस कुणाचा मग?"

"कुणाचाच नाय."

अनसनं माऊसवरचा हात काढला. "यार, असं कसं? निदान शुभेच्छुक तरी सांग. खाली जागा रिकामी दिसंल."

"रिकामी ऱ्हाऊ दे."

"तुझ्या जिंदगीचा सवाल हाय म्हणतोस, आन जागा रिकामी सोडतोस," अनस म्हणाला, पण त्यानं ऑर्डर घेतली. फाइल व्हॉट्सअपवर टाकायला सांगितली. बुधवारी दुपारी तो स्वतःच पिकअप घेऊन फ्लेक्ससकट पिंपरी पेंढारला आला. नकाशा छापून घेणारा माणूस पुढं त्याचं काय करतो, हे त्याला बघायचं होतं.

कुंडलिकभाऊंच्या खळ्यात फ्लेक्स उलगडला. मेंढरं जाळीच्या आतून बघत होती. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात जोडलेले दोन हात छापलेले होते.

"हे काय?" ऋतिकनं विचारलं.

"सवय," अनस म्हणाला.

त्याहून वाईट म्हणजे नकाशाभर डाग होते. घड्या, भोकं, चहाचं वर्तुळ आता परातीएवढं झालं होतं.

"अरे, ही न पुसलेली फाइल छापलीस."

"तू दोन पाठवल्यास. हिच्यात माल जास्त व्हता."

भांडायला वेळ नव्हता. ऋतिकनं होकायंत्र लावून फ्लेक्स फिरवला, नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेला आणली. कुंडलिकभाऊ घोंगडीवर बसून बघत होते. "पुतण्या हुशार हाय," ते कुणाला तरी म्हणाले. पुतण्याला ते लागलं.

यमाजी फ्लेक्सच्या कडेला आले. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी नकाशा पाहिला, मग आभाळ पाहिलं. "दिवस हिकडनं उगावतो?"

"व्हय आबा. आन हे तुमच्या पायाशी बेल्हं."

यमाजींनी पायताण काढलं, काठी घेतली आणि बेल्ह्यावर पाय ठेवला. एक क्षण ते नुसते उभे राहिले. मग चालायला लागले. पाऊल वीतभरही नव्हतं. मध्येच थांबत, मागं वळून बघत, कुणीतरी मागं राहिल्यासारखं तोंडानं 'ट्रर्र' करत. जाळीतली साठ मेंढरं उठून उभी राहिली.

"ही कुकडी," यमाजी म्हणाले. ऋतिकनं सांगितलं नव्हतं. "हितं बाजरीच्या रानात बसायचो. दोन मुक्काम. मंग मीना उतरायची. हितं माज्या आईला इंचू चावला." त्यांनी काठीनं वळसा घातला. "हितनं नाय, हितनं पाटील हाकलायचा." एका मोकळ्या माळाला विनाकारण लांबचा फेरा मारून ते वरून, उत्तरेकडून खाली आले आणि ओढ्याच्या निळ्या रेघेपाशी थांबले. त्यांचा अंगठा बरोबर देवाच्या ठिपक्यावर होता.

"हितं. ह्याच कडंला. पाणी नाय वलांडायचं."

"का नाय वलांडायचं?" म्हाळसाबाईनं विचारलं. ती इतका वेळ फ्लेक्सच्या दक्षिणेला, शिरूरच्या बाजूला बसून लसूण सोलत होती.

"पलीकडं दुसऱ्यांचा तळ. मेंढरं मिसळली तर निवडायला दिवस जातो."

"मंग पलीकडं आमी," म्हाळसाबाई म्हणाली. ती गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि घोड नदीच्या कडेकडेनं, मंचरवरून, एकही फेरा न मारता सरळ वर गेली. ओढ्याच्या अलीकडं वाकली आणि बोट ठेवलं. "आमचा द्येव हितं."

तिच्या बोटाखाली दुसरा ठिपका होता. यमाजींच्या अंगठ्याला जवळजवळ चिकटून, पण ओढ्याच्या दुसऱ्या काठाला.

"आजी, तो डाग हाय," ऋतिक म्हणाला. "वाळवीचं भोक. शनिवारी मीच पुसला व्हता."

तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. रत्नानं दारातून त्याच्याकडं पाहिलं. काठी परत वाकडी धरलीय, असं ती नजर म्हणत होती.

"मोजणीवालाच म्हणतो डाग," कुंडलिकभाऊ सावकाश म्हणाले.

"मी म्हणतो खरा, पन मी चुकतो, काका. तुमच्या वावरात इचारा. मला तीनदा परत यावं लागलं."

"मंग द्येव का डाग?"

"बघावं लागंल," ऋतिक म्हणाला. "आत्ताच. उद्या गुरुवार हाय."

अनसनं पिकअप चालू केली. फ्लेक्स गुंडाळायला वेळ गेला असता, म्हणून तो तसाच मागं पसरला आणि त्यावरच सगळे बसले. यमाजी नगरच्या हद्दीवर, म्हाळसाबाई मंचरवर, रत्ना जोडलेल्या हातांवर. कुंडलिकभाऊ पुढं. मंचरमध्ये अनसनं उतरून एक नारळ घेतला. "देवाकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं," तो म्हणाला. हिंदूंना असल्या गोष्टींची आठवण तोच करून द्यायचा.

गाडीत ऋतिकचा पाय थांबत नव्हता. मांडीवर फोन, फोनमध्ये जुना नकाशा आणि त्यावरून सरकणारा एक निळा ठिपका, म्हणजे तो स्वतः. बाकीचे शंभर वर्षं जुन्या मुलखावर बसून हादरे खात होते.

डांबरी संपली, मुरूम संपला, मग सगळे चालत निघाले. तीन चिंचांपैकी एक उभी होती. दुसरीचं खोड होतं. तिसरीच्या जागी विजेचा खांब होता. उत्तरेच्या काठाला, चिंचेच्या मुळांत, यमाजींनी काठीनं पाचोळा सारला. खाली शेंदराचा पापुद्रा धरलेला गुडघाभर दगड. यमाजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

ऋतिक ओढा ओलांडून दुसऱ्या काठाला पळाला. फोन जिथं म्हणत होता तिथं काहीच नव्हतं. घाणेरीचं रान, एक फाटकी चप्पल, गोगलगाईचा शिंपला. तो पुढं गेला, मागं आला, बसला, उठला. निळा ठिपका नाचत होता. एकदा त्यानं ऋतिकला झाडावर दाखवलं, मग ओढ्याच्या मधोमध नेऊन सोडलं आणि तिथंच अडून बसला. ऋतिक कोरड्या काठावर उभा होता.

"न्हाई का काय?" पलीकडून कुंडलिकभाऊंनी विचारलं.

"हाय, हाय," ऋतिक म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटला नाही. गोगलगाईचा शिंपला त्यानं तीनदा उलटून पाहिला.

म्हाळसाबाई रत्नाच्या दंडाला धरून पाण्यातून आली. ऋतिककडं न बघता त्याच्या पुढं वीस पावलं गेली, घाणेरीच्या एका जाळीपुढं थांबली आणि म्हणाली, "हितं काप."

रत्नानं कमरेला खोचलेल्या कोयत्यानं जाळी तोडली. आत दगड होता. पलीकडच्यापेक्षा थोडा बुटका, पायथ्याशी जुन्या नारळांच्या करवंट्यांचा चुरा.

"वीस पावलांची चूक," ऋतिक पुटपुटला.

"तुजी," म्हाळसाबाई म्हणाली. "माजी न्हाई."

दोन काठ, दोन तळ, दोन ठाणी. कुंडलिकभाऊ ओढ्यात एका दगडावर उभे राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. ऋतिक त्यांच्या मिशीकडं बघत राहिला. तेवढ्यात अनसनं नारळ पुढं केला, आणि सगळं बिघडलं.

"आण हिकडं," यमाजी म्हणाले. "पयला मान आमचा."

"का म्हून?" म्हाळसाबाईनं पलीकडून विचारलं.

"आमचा तळ आदी पडायचा."

"तवाबी तुमी असंच म्हणला व्हता. माज्या आजेसासऱ्यानं नारळ हातात धरला आन तुमच्या मान्सानं त्यो वडून न्हेला. म्या डोळ्यानं बघितलंय. म्या आठ वर्साची नवी सून व्हते."

"त्यो नारळ आमचाच व्हता."

"शेंडी तुमची व्हती का त्याला?"

यमाजी आपल्या दगडाला टेकून उभे, म्हाळसाबाई आपल्या दगडापुढं बसलेली, मध्ये ओढा. सत्तर वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं भांडण दोघांनी जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. दुपारपर्यंत बहीण होती म्हणून लग्न अडलं होतं; आता वैरी म्हणून अडणार. त्यानं रत्नाकडं पाहिलं. ती कोयत्याचं पातं गवताला पुसत होती आणि हसू दाबत होती. का, ते त्याला कळेना.

कुंडलिकभाऊ दगडावर उकिडवे बसले. त्यांनी दोन्ही बाजूंचं सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"भाऊ भावाशी बांधावरनं भांडतो," ते शेवटी म्हणाले. "हे मानावरनं चाललंय. मानावरनं भांडत्यात ते पावणं." मग अनसकडं वळले. "नारळ पिशवीत ठिव. हे मंडपात भांडतील. आन हा माजा फोन घे, बेल्ह्याला लाव. म्हणावं उद्या येऊ नगा."

अनसनं नारळ ठेवला. फोनला रेंज नव्हती, तरी तो चढावर धावत गेला.

"काका, म्हणजे..." ऋतिक म्हणाला.

"मामा," कुंडलिकभाऊ म्हणाले. "आन हुबा काय ऱ्हायलास? दोघांच्या घशाला कोरड पडलीय. पानी दे त्येन्ला."

पिकअपमध्ये बाटली एकच होती. ऋतिक ती घेऊन पळत आला, ओढ्यात उतरला आणि थांबला. उजव्या काठाला यमाजी, डाव्या काठाला म्हाळसाबाई. भांडण थांबवून दोघंही त्याच्या हातातल्या बाटलीकडं बघत होते, पहिल्यांदा कुणाकडं जाते म्हणून. मामाही बघत होते. रत्ना आता उघड उघड हसत होती.

पाच दिवस एका जागी न टिकलेला ऋतिक आता जागेवरून हलत नव्हता. काहीतरी करायचं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला. निळा ठिपका बरोबर ओढ्याच्या मधोमध होता. दुपारपासून पहिल्यांदाच त्यानं जागा अचूक दाखवली होती.